मित्राची रजा आणि आपला परदेश



वसंत ऋतूत व्याख्याने भरवण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. त्या मंडपात थोर थोर पंडित बोलून गेले. आम्हांला सवय आहे ती कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून, पाळी सुटण्याच्या भोंग्याकडे एक कान ठेवून बोलण्याची. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण धरू नये. चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा : परदेशात मित्र असला तर थोडक्या पैशांत युरोपातले एखादे शहर पाहून येता येते काय, आणि येत असल्यास कसे?

एका शब्दात उत्तर देऊन खाली बसायचे तर ‘येते’ एवढे म्हणता येईल. परंतु ‘थोडक्या पैशांत’ ह्या शब्दांत एक हिशेब दडलेला आहे, आणि हिशेब तपासणे हा आमचा धंदाच आहे. पगाराच्या चिठ्ठीतून कोणते कलम गाळले आहे हे शोधण्यात आमची उमर गेली. आज स्वस्त प्रवासाच्या चिठ्ठीतले गाळलेले कलम शोधावे असा विचार आहे.

आरंभीच एक शंका मनात येते. महाळुंगे पडवळच्या मातीत उभे राहून विलायतेच्या सफरीच्या गोष्टी सांगाव्यात काय? ह्याच गावचा बाबू गेनू हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर विलायती कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला. ती मोटार त्याच्या अंगावरून गेली. वय अवघे बावीस. अशा गावात युरोपचे कौतुक करणाऱ्याने तोंड सांभाळूनच बोलले पाहिजे.

पण ह्या शंकेचे उत्तर इतिहासानेच देऊन ठेवले आहे. बाबू गेनूच्या मरणाला पुरते वर्षही झाले नव्हते, तोच सप्टेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. राजधानीत उंची हॉटेलांना तोटा नव्हता. गांधीजी मात्र उतरले लंडनच्या पूर्वभागातल्या, कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या किंग्जली हॉल नावाच्या सेवागृहात. ते चालवणाऱ्या म्यूरिएल लेस्टरबाई १९२६ साली साबरमतीच्या आश्रमात पाहुण्या म्हणून राहून गेल्या होत्या. त्यांच्याकडे गांधीजी गच्चीवरच्या एका लहानशा खोलीत सुमारे बारा आठवडे राहिले. त्याच महिन्यात ते लँकेशायरला गेले. बहिष्काराची झळ ज्यांच्या चुलीपर्यंत पोहोचली होती अशा गिरणी कामगारांमध्ये ते जाऊन उभे राहिले, आणि त्या कामगारांनी त्यांचे स्वागत केले. गिरणीतल्या बायांच्या घोळक्यात हसत उभ्या असलेल्या गांधीजींचे छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. बाबू गेनूने अडवले ते कापड. त्या कापडामागच्या मजुराशी आपले वैर कधीच नव्हते. तेव्हा तेथल्या कामगाराचे शहर पाहून यायला ह्या गावाची आडकाठी नसावी, असे आम्ही समजतो.

शिवाय मित्राच्या आधाराने परदेश गाठणे ही काही आजची युक्ती नव्हे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले. तेव्हा त्यांच्या गाठीला स्वतःच्या पगारातली शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राने कर्जाऊ दिलेले पाच हजार रुपये होते. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तेथे आता स्मारक आहे. आपल्या मावळ-खेड-आंबेगाव-जुन्नर पट्ट्यातल्या लोकांनी मुंबईत डबे पोहोचवण्याचा धंदा उभा केला. त्या डबेवाल्यांपैकी दोघे २००५ साली इंग्लंडच्या युवराजाच्या लग्नाला लंडनला जाऊन आले, हे आपण जाणताच. ते राजघराण्याचे निमंत्रित. आपल्याला असे निमंत्रण येण्याचा संभव कमी. आपले निमंत्रण मित्राचेच.

आता मित्राच्या घरी उतरणे म्हणजे काय, हे आपल्या भागाला शिकवण्याची गरज नाही. आपले बापजादे मुंबईला गेले ते कोणाच्या भरवशावर? परळ-लालबागच्या चाळींतून गावोगावच्या खोल्या असत. गावाहून आलेला पोरगा पत्ता विचारीत थेट त्या खोलीवर जाई. एकेका खोलीत वीस-वीस माणसे राहत. गिरणीच्या तीन पाळ्या चालत, म्हणून झोपायच्याही पाळ्या. रातपाळीचा माणूस सकाळी येऊन पडे, तेव्हा दिवसपाळीच्या माणसाने आपली वळकटी गुंडाळलेली असे. प्रत्येकाची एक पेटी, भिंतीवर एक खुंटी, आणि जेवण खाणावळीच्या बाईकडे. नव्या माणसाला काम लागेपर्यंत कोणी पैसे मागत नसे. काम लागले की तो आपला वाटा देई आणि पुढच्या नव्या माणसाला जागा करून देई. हा नियम कोणी कागदावर लिहिला नव्हता, पण तो मोडणाऱ्याची खुंटी दुसऱ्या दिवशी भिंतीवर राहत नसे. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा मोठा संप झाला, तेव्हा हीच माणसे गावाकडे परतली आणि गावाने त्यांना भाकरी दिली. पाहुणचार असा दोन्ही बाजूंनी चालत आला आहे.

युरोपातल्या मित्राची खोली ही ह्याच परंपरेतली खोली आहे. फरक एवढाच, की तेथे वीस माणसे नाहीत. तेथे नवरा, बायको आणि एक मूल आहे. हा फरक वाटतो तितका लहान नाही.

आमचा मित्र ह्याच पंचक्रोशीतला. नाव सांगत नाही. तशी त्याची सक्त ताकीद आहे, आणि तिचे कारण पुढे ध्यानात येईल. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात यंत्रावरचा तो कुशल कामगार होता. तेथे आमची ओळख झाली. पुढे तो ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरी गेला. तेथे तो एका यंत्रशाळेत काम करतो आणि त्याची पत्नी इस्पितळात पाळीने काम करते. ‘दादा, एकदा या,’ असे तो दरवर्षी म्हणे. अखेर फेब्रुवारीच्या थंडीत सात रात्रींसाठी आम्ही जाऊन आलो.

आधी रोख खर्च पाहू. सगळ्यांत मोठे कलम विमानाच्या भाड्याचे. उन्हाळ्याच्या सुटीत आणि नाताळात ते चढते, फेब्रुवारीत उतरते. म्हणून फेब्रुवारी. दुसरे कलम परवान्याचे, ज्याला व्हिसा म्हणतात. युरोपातल्या शेंगेन गटातल्या देशांना एकच परवाना चालतो. त्याची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो झाली आहे. शिवाय किमान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा सक्तीचा. बोटांचे ठसे द्यायला जातीने जावे लागते. अर्ज नामंजूर झाला तर फी परत मिळत नाही, तेव्हा कागद नीट जमवूनच जावे. तिसरे कलम राहण्या-खाण्याचे. तेथे मित्र उभा असतो आणि हे कलम जवळजवळ पुसले जाते. म्हणूनच लोक ‘स्वस्तात’ असा शब्द वापरतात.

परंतु कलम पुसले म्हणजे खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या वहीत जातो. हे कसे होते ते क्रमाने पाहावे.

पहिली गोष्ट जामिनाची. आपल्यापाशी पुरेसा पैसा असल्याचा पुरावा नसेल तर ऑस्ट्रियातल्या यजमानाला तेथल्या पोलीस कचेरीत जाऊन लिहून द्यावे लागते, की ह्या पाहुण्याचा सारा खर्च माझ्या शिरावर. त्यासाठी त्याने आपला पगार किती, घरभाडे किती, डोक्यावर कर्ज किती हे दाखवायचे. पाहुणा आजारी पडला, परतायचा राहिला, तरी सरकार हात धरते ते यजमानाचा. आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाची झोप कशी उडते हे ह्या तालुक्याला ठाऊक आहे. परदेशात राहण्याचा ज्याचा स्वतःचाच परवाना मुदतीचा, त्याने असा कागद सही करणे म्हणजे काय, ह्याचा विचार व्हावा. आम्ही त्याला जामीन घातला नाही. चार वर्षे बाजूला टाकलेली रक्कम खात्यावर दाखवली, परतीचे तिकीट दाखवले, आणि त्याच्याकडून फक्त ‘माझ्या घरी राहतील’ एवढे पत्र घेतले. ज्याच्यापाशी एवढी शिल्लक नसेल त्याने दोन वर्षे आणखी थांबावे. व्हिएन्ना शहर कोठे पळून जात नाही.

दुसरी गोष्ट घराची. आपल्यात म्हण आहे : एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ऑस्ट्रियाच्या सरकारने ही म्हण ऐकलेली नसेल, पण तेथला कायदा तिच्याजवळ येतो. खासगी घरी तीन दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याने तीन दिवसांच्या आत सरकारी कचेरीत आपली नोंद करायची, आणि त्या कागदावर घरवाल्याची सही लागते. मित्राने सही केली, आम्ही रांगेत उभे राहून नोंद केली, आणि अक्कल शाबूत असल्याचा सरकारी दाखला मिळाल्यासारखे वाटले.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महागडी. आणि तीच कोणाच्या अंदाजपत्रकात नसते.

दुसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर मूल झोपले, बाई रातपाळीला गेली, आणि आम्ही दोघे स्वयंपाकघरात बसलो होतो. तो म्हणाला, “दादा, एक मागणं आहे. गावाकडं कुणाला माझा पत्ता देऊ नका.” आम्ही चमकलो. हा मुलगा माणूसघाणा नव्हे. मग त्याने हिशेब मांडला. त्याला वर्षाला पाच आठवडे भरपगारी रजा, म्हणजे कामाचे पंचवीस दिवस. उन्हाळ्यात एक पाहुणे कुटुंब आले. त्यांना विमानतळावरून आणणे, डोंगर दाखवणे, शेजारच्या देशात मोटारीने फिरवणे, परत पोहोचवणे, ह्यात दहा दिवस गेले. दिवाळीच्या सुमारास दुसरे आले. त्यात आठ. उरले सात, ते मुलाच्या आजारपणात. पुढच्या वर्षी पाहुणे निराळे, हिशेब तोच. मग तो खाली मान घालून म्हणाला, “आई फोनवर विचारते, कधी येतोस? मी सांगतो, रजा नाही. रजा होती, दादा. ती पाहुण्यांनी खाल्ली. तीन वर्षं झाली, आईला पाहिलं नाही.”

हे ऐकून आम्हांला रात्री झोप आली नाही. पाहुणे वाईट होते काय? मुळीच नाही. त्यांनी येताना मुलाला कपडे आणले होते, जाताना डोळ्यांत पाणी आणले होते. त्यांना एवढेच वाटले की मित्राचे घर आहे, मित्राची गाडी आहे, आपले हॉटेल वाचले. हॉटेलचे पैसे वाचले ही गोष्ट खरी. त्या पैशांच्या बदल्यात एका म्हातारीचा मुलगा तीन वर्षे घरी गेला नाही. हेच ते गाळलेले कलम.

बंधूंनो, रजा हा शब्द आमच्या कानाला निराळा ऐकू येतो. भरपगारी रजा आकाशातून पडलेली नाही. ऑस्ट्रियात कामगारांना पगारी रजा देणारा कायदा झाला १९१९ साली. महायुद्धात साम्राज्य कोसळल्यावर जे नवे प्रजासत्ताक आले, त्याचे ते पहिल्या वर्षातले काम. वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला तेव्हा आठवडाभराची रजा मिळाली. एका आठवड्याचे पाच आठवडे व्हायला पुढे साठाहून अधिक वर्षे लागली. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये लक्षावधी कामगार कारखाने धरून बसले, तेव्हा कोठे दोन आठवड्यांची पगारी रजा पदरात पडली. त्या उन्हाळ्यात सवलतीचे रेल्वे तिकीट काढून कितीतरी कामगार जन्मात प्रथमच समुद्रकिनाऱ्यावर गेले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने बांधून दिले, की वर्षात २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला पुढे वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत ही २४० दिवसांची अट १८० वर आणली आहे. पण कंत्राटी पोराचे दिवस भरत आले की त्याला खंड देऊन घरी बसवण्याची विद्या आपल्या औद्योगिक पट्ट्यात किती पुढे गेली आहे, हे येथे बसलेल्या तरुणांना आम्ही सांगावे असे नाही.

सांगायचे इतकेच, की रजा ही कामगाराची मिळकत आहे. जमिनीच्या तुकड्यासारखी मिळकत. मालकाने तिच्यातला एक दिवस कापला तर आम्ही फाटकावर सभा घेतो. मग मित्राच्या नात्याने आपणच त्यातले दहा दिवस कापून घेतले, तर त्या सभेत बोलायचे कोणी?

येथे कोणी म्हणेल, अहो, आपल्याकडे अतिथीला देव मानतात, आणि तुम्ही त्याचा हिशेब काय मांडता? ह्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. देवाला आपण नैवेद्य दाखवतो, पण देव काही आपली सुगी बुडवून आठ दिवस ओसरीवर बसत नाही. गावातल्या भरल्या घरात पाहुणा आला तर त्याचा भार दहा माणसांत वाटला जाई, असे आपण म्हणतो. तेही पुरते खरे नाही. तो भार वाटला जाई तो घरातल्या बायकांत, आणि त्यांच्या कष्टाची नोंद कोणत्याच वहीत नव्हती, म्हणून पाहुणचार फुकट वाटे. व्हिएन्नाच्या दोन खोल्यांत सासू नाही, जाऊ नाही, कामाला बाई नाही. रातपाळी करून सकाळी सातला आलेली ती मुलगी पाहुण्यासाठी पोहे करायला उभी राहिली, तर तिची झोप कोण परत देणार?

म्हणून आम्ही त्या घरी चार गोष्टी पाळल्या. त्या सांगतो. ज्याला पटतील त्याने घ्याव्यात.

एक. मित्राला एक तासही रजा घेऊ दिली नाही. विमानतळावर येऊ नको, असे आधीच बजावले होते. तेथून शहरात यायला दोन प्रकारच्या गाड्या आहेत. एक खास प्रवाशांसाठी, झटपट आणि महाग. दुसरी साधी लोकल, दहाएक मिनिटे जास्त घेणारी आणि भाड्याने पुष्कळ स्वस्त. कामावर जाणारे लोक साध्या गाडीत चढताना दिसले, त्यांच्यामागून आम्ही चढलो. जर्मन भाषा येत नाही, इंग्रजीही जेमतेम, तरी कागदावर लिहिलेला पत्ता दाखवीत दारापर्यंत पोहोचलो. मुंबईत उतरून परळचा पत्ता विचारणारा आपला आजा ह्याहून काय निराळे करीत होता?

दोन. चूल वाटून घेतली. ऐन तारुण्यात खोलीवर हाताने रांधून खाल्लेले आहे, ते कामास आले. येथून बाजरीचे पीठ, बेसन, काळा मसाला, तीळ, खसखस, सुके खोबरे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. जाणाऱ्याने एक लक्षात ठेवावे : दूध आणि मांस ह्यांचे पदार्थ बाहेरच्या देशातून आणायला युरोपात मनाई आहे, म्हणून पेढे, खवा, तूप घरीच ठेवावे. तिसऱ्या दिवशी दोघे कामावरून यायच्या वेळी आम्ही आपल्या पद्धतीची मासवडी आणि रस्सा करून ठेवला. वड्या जरा बेढब झाल्या. पण त्या पोरीने पहिला घास घेतला आणि ती बराच वेळ बोलली नाही. हॉटेलचे बिल असे फेडता येते.

तीन. रविवार त्यांचा त्यांना दिला. व्हिएन्नात रविवारी दुकाने बंद असतात. दुकानातल्या नोकरालाही घर असते, हे तेथल्या कायद्याने मान्य केले आहे. म्हणून शनिवारीच किराणा भरून ठेवला, आमचा वाटा आम्ही दिला, आणि रविवारी सकाळी भाकरी बांधून घेऊन बाहेर पडलो ते दिवे लागल्यावर परतलो. दिवसभर ते तिघे आपल्या घरात एकटे होते. मित्र पुढे म्हणाला, पाहुणा असताना असा रविवार प्रथमच मिळाला.

चार. एकट्याने हिंडलो. आणि येथेच आमच्या व्याख्यानाचा दुसरा भाग सुरू होतो. कारण मित्राच्या कष्टावर भार टाकायचा नाही, तर गरीब प्रवाशाने भार टाकायचा कोणावर? उत्तर सापडले ते त्या शहरातच. भार टाकायचा सार्वजनिक सोयींवर.

पाण्याचेच पाहा. प्रवासी लोक युरोपात बाटलीबंद पाण्यावर बराच पैसा घालतात. व्हिएन्नात नळाचे पाणी डोंगरातल्या झऱ्यांचे आहे. पहिली जलवाहिनी १८७३ साली झाली, दुसरी १९१० साली. श्रीमंताच्या हवेलीत आणि मजुराच्या खोलीत तेच पाणी. घरून बाटली भरून निघावे, एक पैसा लागत नाही. आपल्या डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव आहे. त्या नावाच्या पाण्याची वाटणी कशी व्हावी, ह्याचा विचार तेथला पेला तोंडाला लावताना मनात आल्यावाचून राहिला नाही.

वाहतुकीचे तसेच. आठवड्याचा एक पास काढला की ट्राम, बस आणि भुयारी रेल्वे तिन्ही मोकळ्या. तेथे २०१२ साली शहराने वर्षाचा पास ३६५ युरोंना केला, म्हणजे रोजचा एक युरो, आणि तो दर पुढे वर्षानुवर्षे टिकवला. मित्राची मोटार कशाला हवी? राजवाड्याची बाग फुकट पाहता येते. शहराच्या वस्तुसंग्रहालयातले कायमचे दालन २०२३ पासून सर्वांना विनामूल्य आहे. आमचा रविवार तेथेच गेला. जगप्रसिद्ध ऑपेरागृहात खुर्चीची तिकिटे आपल्या आवाक्याबाहेरची, पण मागे उभे राहून ऐकणाऱ्यांसाठी स्वस्त तिकिटे आहेत. जत्रेत उभ्याने तमाशा पाहिलेल्या माणसाला तीन तास उभे राहण्याचे काय वाटणार? गाण्यातले शब्द एक कळला नाही, पण बाई रडत होती आणि का रडत होती ते मात्र कळले.

आणि एक स्थळ पाहिले, ते आमच्या दृष्टीने राजवाड्याहून मोठे. त्याचे नाव कार्ल मार्क्स होफ. ही कामगारांची वसाहत. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात घरांची एवढी टंचाई होती, की लोक बिछाना पाळीपाळीने भाड्याने घेत. परळच्या खोलीसारखेच. नगरपालिकेवर समाजवादी पक्ष निवडून आला. त्याने १९२३ साली घरबांधणीचा कर बसवला. मोठ्या हवेलीला मोठा कर, लहान खोलीला नाममात्र. त्या पैशांतून शहराने घरे बांधली. कार्ल मार्क्स होफ १९२७ ते १९३० ह्या काळात उभे राहिले. लांबी एक किलोमीटरहून अधिक, घरे १,३८२. आत बागा, धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या, वाचनालय. १९३४ च्या फेब्रुवारीत हुकूमशाही सरकारच्या सैन्याने ह्या वसाहतीवर तोफा डागल्या. वसाहत राहिली, हुकूमशाही गेली. आजही व्हिएन्नाची सुमारे निम्मी वस्ती शहराच्या किंवा शहराच्या मदतीने बांधलेल्या घरांत राहते. तिकीट नाही, दरवान नाही. आम्ही त्या कमानींखालून हिंडलो. एक म्हातारा पिशवीतून बटाटे घेऊन चालला होता. त्याला पाहून गिरणगावच्या जागी उभे राहिलेले मनोरे आठवले, आणि तेथून हटलेली माणसेही.

सारे काही तेथे गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. शहराची ही घरे बाहेरदेशीच्या कामगाराला लगेच मिळत नाहीत. त्यासाठी वास्तव्याची वर्षे भरावी लागतात. आमचा मित्र खासगी मालकाच्या दोन खोल्यांत राहतो आणि पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात घालतो. ट्राममध्ये त्याच्या शेजारची जागा कधी कधी रिकामी राहते, हेही त्याने सांगितले. परका तो परकाच, हा अनुभव चाकणच्या खोल्यांतून राहणाऱ्या मराठवाड्याच्या आणि बिहार-झारखंडच्या पोरांना आपल्याही मुलखात येतो. व्हिएन्नाला नावे ठेवण्याआधी आपण आपल्या भाड्याच्या चाळींकडे पाहावे.

तेव्हा चालकांच्या प्रश्नाचे उत्तर आता पुरते देता येईल. होय, मित्राच्या आधाराने थोडक्या पैशांत युरोप पाहता येतो. तिकीट गर्दीचा हंगाम टाळून काढावे, जामीन आपला आपण व्हावे, हात चुलीला लावावा, पाय ट्रामला लावावेत, आणि मित्राच्या रजेला हात लावू नये. मित्राकडून घ्यायचे ते एक छप्पर, रात्रीच्या चार गोष्टी, आणि हे शहर कोणत्या दाराने आत शिरून पाहावे ह्याची माहिती. बाकीचे त्या शहराने फुकट ठेवलेले आहे. ते तसे कोणी आणि कशासाठी ठेवले, हे शिकून येणे हाच प्रवासाचा खरा नफा.

शेवटी एक विनंती, आणि ती ह्या सभेला करावी म्हणूनच आम्ही हा विषय पत्करला. आमच्या मित्राने ह्या वर्षी रजेतला एक दिवसही खर्च केलेला नाही. येत्या वैशाखात तो तीन आठवड्यांसाठी पंचक्रोशीत येणार आहे. तो आला, की तो कोण हे आपल्याला कळेलच. तेव्हा त्याच्या दारात सत्काराचे हार घेऊन, लग्नपत्रिका घेऊन, पोराला तिकडे कामाला लावा अशी चिठ्ठी घेऊन रांग लावू नका. त्याला जेवायला बोलवायचे असेल तर शेवटच्या आठवड्यात बोलवा. पहिले दोन आठवडे त्याच्या आईचे आहेत. तिने ती रजा तीन वर्षे वाट पाहून मिळवली आहे.